कुठल्या टेबलावर बसावं?

इंग्रजीत ‘काउंटर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे ज्याच्यामागे बसून मी गेली वीसएक वर्षं लोकांचे पैसे मोजतो तो. दुसरा अर्थ मोजणारा. कॅसिनोत जाऊन पडलेले पत्ते मनातल्या मनात मोजत बसणाऱ्या माणसाला तिकडे ‘कार्ड काउंटर’ म्हणतात. आम्हां दोघांत साम्य एवढंच, की दोघांच्याही डोक्यावर कॅमेरा रोखलेला असतो. फरक मात्र मोठा आहे. माझं मोजणं चुकलं तर मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावतात. त्याचं मोजणं बरोबर आलं तर त्याला बोलावतात, आणि पुन्हा इकडे फिरकू नका असं बजावून बाहेर काढतात. बिनचूक हिशेब केल्याबद्दल हाकलून देणारी संस्था या जगात आहे, हे कळल्यापासून माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाला या जमातीबद्दल विलक्षण जिव्हाळा वाटू लागला आहे.

हे ज्ञान मला मिळालं भाच्यामुळे. भाचा न्यू जर्सीत असतो, आणि त्याच राज्याच्या समुद्रकाठी अटलांटिक सिटी नावाचं कॅसिनोंचं गाव आहे. मुलांकडे गेलेल्या आपल्या आई-वडिलांना आधी नायगारा दाखवतात, मग व्हाइट हाउस, आणि मग ‘फक्त बघायचं हं’ या अटीवर अटलांटिक सिटी. माझी ताई तिथे वीस डॉलर हरली आणि वर जेवण स्वस्तात मिळालं म्हणून जिंकल्याच्या आनंदात परतली. भाच्यानं तिथून येताना मला या विषयावरची दोन-तीन पुस्तकं आणून दिली. म्हणाला, “मामा, तुला आवडेल. सगळा हिशेबच आहे.”

खरंच आवडली. जुगाराची पुस्तकं म्हणून उघडली, आणि नीतिशास्त्राची निघाली.

आधी खेळ सांगतो. ब्लॅकजॅक हा आपल्या मेंढीकोटाहून सोपा खेळ. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीसच्या पुढे गेलात की जळालात. चित्रांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. सामना फक्त पत्ते वाटणाऱ्याशी. तुम्हाला वाटेल तिथे थांबता येतं, त्याला येत नाही. सोळापर्यंत त्यानं पत्ता घ्यायचाच आणि सतरा झाले की थांबायचंच. म्हणजे त्याला अक्कल वापरण्याची मुभा नाही. तो आमच्यासारखाच सर्क्युलरप्रमाणे चालतो. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचं पान आलं तर तो ‘ब्लॅकजॅक’, आणि त्याला लावलेल्या पैशांच्या दीडपट बक्षीस. मग कॅसिनो कमावतो कशावर? तर आधी पत्ते तुम्ही घ्यायचे, आणि तुम्ही जळलात की पैसे गेले. मागाहून तोही जळाला तरी ते परत मिळत नाहीत. सगळी माडी या एका विटेवर उभी आहे.

रुलेटच्या चाकाला आठवण नसते. मघाशी लाल आलं म्हणून आता काळं येईल असा काही करार त्यानं केलेला नसतो. पण पत्त्यांना आठवण असते. वाटलेला पत्ता बाजूला ठेवला की पुन्हा पिसेपर्यंत तो परत येत नाही. हे आमच्या आत्याला कुणी शिकवलं नव्हतं. मे महिन्यात गच्चीवर मेंढीकोट रंगला की चारपैकी कुठल्या दश्श्या गेल्या आणि कुठली कुणाच्या हातात दबा धरून आहे, हे ती चष्मा न लावता सांगायची. तिला कुणी लबाड म्हटलं नाही. ‘आत्या फार हुशार’ असंच म्हणायचे, आणि पुढच्या डावाला तिच्या बाजूला बसायला भांडायचे.

आत्याच्या या विद्येला अमेरिकेत शास्त्राचा दर्जा मिळाला. १९५६ साली बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी ब्लॅकजॅक कसा खेळावा याचा शोधनिबंध तिथल्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. चौघेही सैन्यात नोकरीला. आकडेमोड केली टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर. मग एमआयटीत शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं आयबीएम ७०४ हा संगणक जुंपला आणि कुठले पत्ते गेले असता पारडं कुणीकडे झुकतं ते काढलं. १९६२ साली त्याचं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं. त्यात त्यानं मोजायला सांगितलं ते मुख्यत्वे काय? दहाची पानं! आत्याला एमआयटीत कुणी बोलावलं नाही, एवढाच काय तो फरक.

मोजण्याची आज रूढ असलेली पद्धत तर कुणाही कारकुनाला जमेल. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की एक जमा. दहा, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का पडला की एक नावे. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांना खात्यावर घ्यायचं नाही. बावन्न पानांत वीस जमेची, वीस नावेची, बारा बिनहिशेबी. म्हणजे कॅट संपला की ताळा शून्यावर जुळतो. इतका देखणा ताळेबंद मी नोकरीत पाहिलेला नाही. चालू बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येनं भागायचं. उत्तर जितकं वर, तितकी उरलेल्या पत्त्यांत मोठी पानं जास्त. मोठी पानं जास्त म्हणजे दीडपटीचे ब्लॅकजॅक जास्त, आणि सोळावर पत्ता घ्यायला बांधलेला तो वाटणारा जळण्याचा संभव जास्त. अशा वेळी पैसे वाढवायचे. एरवी कमीत कमी लावून गप्प बसायचं. संपलं शास्त्र.

मी आठवडाभर रात्री जेवणं झाल्यावर कॅट उलगडून मोजदाद केली. शेवटी शून्य येतं. मुलगा म्हणाला, “बाबा, शेवटी शून्यच येणार हे माहीत असताना मोजायचं कशाला?” हा प्रश्न त्यानं मोठेपणी दुसऱ्या संदर्भात विचारू नये अशी माझी इच्छा आहे.

आता पहिला नैतिक प्रश्न. ही लबाडी आहे का?

आमच्या हेडकॅशिअरांचं मत, आहे. “खेळ नशिबाचा म्हणून मांडलेला. त्यात गुपचूप डोकं चालवायचं म्हणजे फसवणूकच.” मी त्यांना म्हटलं, “साहेब, पत्ते सगळ्यांसमोर उताणे पडतात. तो काही वाटणाऱ्याच्या खिशात डोकावत नाही. जे सगळ्यांना दिसतं ते लक्षात ठेवणं हा गुन्हा कसा?” त्यावर ते म्हणाले, “बँकेत सगळ्यांना दिसतं ते लक्षात ठेवून बघ.” हा मुद्दा बिनतोड होता, पण वेगळ्या विषयावरचा होता.

न्यायालयं माझ्या बाजूची आहेत. केन उस्टन नावाचा एक गृहस्थ पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमधली मोठी नोकरी सोडून पत्ते मोजायला लागला. अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोनं त्याला बाहेर काढलं. तो कोर्टात गेला. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की खेळाचे नियम ठरवणारं सरकारी मंडळ असताना, केवळ चांगला खेळतो म्हणून एखाद्याला कॅसिनोनं परस्पर बाहेर काढता येणार नाही. नेवाडा राज्यात म्हणजे लास व्हेगासकडे मात्र मोजणं गुन्हा नाही, पण मालकाला आपल्या दारातून कुणाला आत घ्यायचं ते ठरवता येतं. आपल्याकडेही १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं रमी हा प्राधान्यानं कौशल्याचा खेळ ठरवला. त्यात एक कारण असं, की पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात. म्हणजे आत्याच्या बाजूनं थेट दिल्लीचा निकाल. एकूण आपल्या राज्याची या बाबतीतली भूमिका तर फारच तात्त्विक होती. महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही, आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं आपण एका टेबलाशी उभे राहिलो, बसलो नाही, आणि शेवटी घरी आलो. गोवेकर बसले. त्यांच्या मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या आणि आपले लोक शनिवार-रविवारी तिकडे जाऊन हरू लागले.

तेव्हा लबाडी नाही हे ठरलं. पण गंमत पुढेच आहे. मोजता येणं ही या धंद्यातली सगळ्यांत किरकोळ गोष्ट. १९६४ च्या एप्रिलमध्ये थॉर्पच्या पुस्तकाला घाबरून लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम आवळले. काही आठवड्यांत गिऱ्हाइकं पळू लागली, तशी नियम मुकाट्यानं पूर्ववत केले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पुस्तक वाचून येणाऱ्या बहुतेकांना धड मोजता येत नाही. फक्त आपल्याला येतं असं वाटतं. यासारखं उत्तम गिऱ्हाईक नाही. पुस्तकानं खेळाचं नाव झालं आणि टेबलं वाढली. तेव्हापासून खरा प्रश्न ‘मोजायचं कसं’ हा राहिला नाही. खरा प्रश्न हा झाला, की बसायचं कुठल्या टेबलावर?

टेबलं दिसायला सारखीच असतात. तोच हिरवा कपडा, तीच हसरी बाई. पण आमच्या कर्जाच्या जाहिरातींप्रमाणे खरा मजकूर बारीक टायपात असतो. पहिली गोष्ट बघायची ती कपड्यावर छापलेला ब्लॅकजॅकचा दर. पूर्वी तीनास दोन असायचा, म्हणजे शंभराला दीडशे. हल्ली पुष्कळ ठिकाणी सहास पाच लिहितात. आकडे मोठे झाले म्हणून दर वाढला असं वाटणारी माणसं जगात आहेत, आणि त्यांच्याच जिवावर व्हेगासचे दिवे जळतात. सहास पाच म्हणजे शंभराला एकशे वीस. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे एकवीसशे रुपये लावले की तीस रुपये गेले. सुमारे १.४ टक्के. चांगल्या टेबलावर अचूक खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोचं पारडं जेमतेम अर्ध्या टक्क्यानं जड असतं. इथे एका छापील ओळीनं ते जवळजवळ चौपट झालं. मोजदादीचा एकेक अंक वर चढला की अर्धा-अर्धा टक्का आपल्याकडे सरकतो. चांगल्या टेबलावर एक अंक चढला की बरोबरी होते. या टेबलावर चार चढावे लागतात, आणि चार वारंवार चढत नाहीत.

दुसरी गोष्ट, किती कॅट वापरतात. जितके कमी तितकं बरं. पण इथेही मेख आहे. बाहेर मोठी पाटी असते, ‘एकाच कॅटचा खेळ!’ आणि आत कपड्यावर सहास पाच. व्याज शून्य टक्के आणि प्रोसेसिंग फी निराळी, तसलाच प्रकार.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. सहा कॅट एकत्र पिसले की वाटणारा त्यात एक रंगीत प्लॅस्टिकचं पान खुपसतो. ते आलं की उरलेले पत्ते न वाटता पुन्हा पिसायचे. ते पान अगदी मागे, दीड-एक कॅट शिल्लक असताना आलं तर मोजणाऱ्याची चैन. मधोमध खुपसलं असेल तर मोजण्यात अर्थ नाही, कारण मोजदाद रंगात येते तेवढ्यात पडदा पडतो. खेळाचे नियम सगळे उदार, पण हे पान मधोमध, असं टेबल सोडून द्यावं असं शहाणे सांगतात. नियम जरा कडक असले आणि पान मागे असलं तर बसावं. माणसं पारखायलाही हा नियम बरा आहे. कोण किती गोड बोलतो यापेक्षा, पत्ते किती शेवटपर्यंत दाखवतो ते बघावं.

चौथी गोष्ट, पडलेले पत्ते लगेच पोटात घेऊन सतत पिसत राहणारं यंत्र. ते दिसलं की नमस्कार करून पुढे जावं. तिथे भूतकाळच नसतो. बाकी बारीकसारीक नियम आहेत. एक्का धरून झालेल्या सतरावर वाटणारा पत्ता घेत असेल तर आपला सुमारे ०.२ टक्के तोटा. जोडी फोडल्यावर रक्कम दुप्पट करू देत असतील तर थोडा फायदा. आणि एक विमाही असतो! वाटणाऱ्याचा एक्का दिसला की विमा घेता का विचारतात. उरलेल्या पत्त्यांत दहाची पानं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतील तरच तो परवडतो; एरवी सगळा फायदा विकणाऱ्याचा. विमाच तो. आमच्या शाखेतही टार्गेट असतं, म्हणून अधिक बोलत नाही.

आता हे सगळं बघून टेबल निवडायचं म्हटलं, की मोजणाऱ्याचा बहुतेक वेळ कशात जातो? न बसण्यात! स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावानं लिहिणाऱ्या गृहस्थाचं १९७५ साली पुस्तक आलं. त्याचं सूत्र असं, की टेबलामागे उभं राहून मोजायचं, मोजदाद चढली की बसायचं आणि उतरली की उठायचं. या उभ्यानं मोजण्याला त्याच्याच नावानं ‘वाँगिंग’ म्हणतात. १९७९ पासून त्यानं एक पत्रक काढलं. कुठल्या गावी, कुठल्या कॅसिनोत, किती कॅट, काय नियम, याची माहिती त्यात असायची. आमच्या व्याजदरांच्या तक्त्यासारखं. लोक वर्गणी भरून ते घेत. यावर कॅसिनोंनी ‘मध्येच बसण्यास मनाई’ अशा पाट्या लावल्या.

आणि एवढा खटाटोप करून मिळतं काय? मी कागद घेऊन बसलो. सरासरी पंचवीस डॉलर लावले, तासाला ऐंशी डाव झाले, आणि आपली सरशी एक टक्का धरली, तर तासाला वीस डॉलर. तेही सरासरीनं. प्रत्यक्षात एखाद्या तासाला तीन-चारशे डॉलर वर किंवा खाली जाणं ही रोजची गोष्ट. म्हणजे जुगारात जिंकायची खात्रीची विद्या हस्तगत करून शेवटी माणूस कारकून होतो. त्यातही प्रॉव्हिडंट फंड नाही.

तेव्हा कुणी म्हणेल, मोजणारा हा जुगारी नव्हेच. खरं आहे. त्या भल्या मोठ्या दिवाणखान्यात न खेळणारे दोघेच, कॅसिनो आणि तो. दोघेही टक्केवारी घेऊन बसलेले. आणि इथे हेडकॅशिअरांनी दुसऱ्या दिवशी मला पकडलं. “तो जिंकतो ते पैसे कुणाचे?” मी म्हटलं, “कॅसिनोचे.” म्हणाले, “कॅसिनो काय नोटा छापतो? शेजारच्या खुर्चीवर दोन पेले जास्त झालेला बसलाय ना, त्याचे.” मी गप्प झालो, कारण आमच्या क्रेडिट कार्डाचंही तेच आहे. महिनाअखेर पूर्ण बिल भरणाऱ्याला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी पैसे मिळतात, तो स्वतःला हुशार समजतो, आणि त्याची ही चैन बरीचशी चालते ती अर्धवट भरून व्याज देणाऱ्यांच्या जिवावर. सगळेच मोजायला लागले तर तो खेळ दुसऱ्या दिवशी बंद होईल. चांगलं टेबल टिकतं ते शेजारच्या खुर्चीवर वाईट खेळणारा आहे म्हणून. मोजणारा त्याला फसवत नाही, हे बरोबर. पण तो तिथे असावा अशी त्याची इच्छा असते. हे मला खटकतं. पूर्ण बिल मी अजूनही भरतो, पण पूर्वीच्या ऐटीत भरत नाही.

हे झालं टेबलापुरतं. पण टेबल निवडण्याचा प्रसंग कुणाला चुकलाय? आमच्या बँकेत कारकुनाला ऑफिसर होण्याची संधी येते. पगार वाढतो. सोबत बदलीही येते. मला अशी संधी तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी कागदावर डावी-उजवी बाजू मांडली. वाढीव पगार, वजा दोन बिऱ्हाडं, वजा जाण्यायेण्याचा खर्च, वजा मुलाची शाळा, वजा रात्री नऊपर्यंत थांबणं. बेरीज सहास पाचच्या टेबलासारखीच निघाली. तिन्ही वेळा मी नमस्कार करून पुढे गेलो. ब्लॅकजॅकची पुस्तकं वाचल्यावर तर मी छाती पुढे काढून आमच्या हिला म्हटलं, “बघ, थॉर्पनं हेच केलं असतं.”

ही भाजी निवडत होती. म्हणाली, “तुमच्या त्या कागदांवर सासूबाईंचं नाव कुठेच नव्हतं.”

सहा वर्षं आई अंथरुणावर होती. रोज संध्याकाळी साडेसहाला तिला कुशीवर वळवायला मी लागायचो. हे मी कुठल्या बाजूला लिहिणार होतो? तिथे मोजदाद चढायची शक्यता नव्हती. ते रंगीत पान कुठे खुपसलंय ते डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. शहाण्या माणसानं बसू नये असंच ते टेबल. आणि त्या टेबलावरून उठावं असं मला एकदाही वाटलं नाही. कागदावरची सगळी आकडेमोड मी केली ती बहुधा लोकांना सांगायला काहीतरी कारण हवं म्हणून.

म्हणजे मग धर्मराजाचं बरोबर म्हणायचं का? त्याचं म्हणणं असं, की द्यूताचं बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही. पलीकडे शकुनी बसलाय, फासे त्याचे, सभा त्यांची. वाँगच्या पत्रकात हस्तिनापूरच्या त्या सभेला फुली पडली असती. पण हा गेला, बसला, आणि राज्य, भाऊ, बायको सगळं लावून उठला. आईचं टेबल आणि हे टेबल, दोन्ही हरण्याचीच. मग फरक काय? मला वाटतं, धर्मराजानं पणाला लावलं ते इतरांचं, आणि राखलं काय, तर स्वतःचं वचन. मोजणाऱ्याचं निदान एक बरं असतं, तो आपल्याच खिशातलं लावतो.

पण मोजणाऱ्याच्या बाबतीत शेवटी मला अडलं ते निराळ्याच ठिकाणी. मोजणं ही लबाडी नाही, कबूल. पण मोजतोय हे दिसलं की बाहेर काढतात. म्हणून मग न मोजणाऱ्याचं सोंग आणायचं. उगीच मोठ्यानं हसायचं, पेला हातात धरायचा, पाणी पिऊन दारू चढल्यासारखं करायचं, मधूनच मुद्दाम मूर्खासारखा डाव खेळायचा. उस्टननं तर कोर्टात जिंकल्यावरही निरनिराळी सोंगं काढली. कारण कॅसिनोंनी त्याला काढता येत नाही म्हटल्यावर कॅट वाढवले आणि वाटेल तेव्हा पिसायला सुरुवात केली. शहाणपण कायदेशीर आहे, फक्त ते दिसता कामा नये. हे वाचून मला आमचं ऑफिस आठवलं. साहेबांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे हे लपवण्यात किती जणांची हयात जाते! सोंग करता करता वीस वर्षांनी खरंच येईनासं होतं, अशीही उदाहरणं मी पाहिली आहेत. तेव्हा टेबल पारखताना दर बघावा, कॅट बघावेत, ते रंगीत पान बघावं, आणि आणखी एक गोष्ट बघावी. इथे आपलं स्वतःचं तोंड घेऊन बसता येईल का? कुठल्याही पुस्तकात हा नियम नाही. त्याची टक्केवारी निघत नाही म्हणून नसेल.

वनवासात पांडव रडत बसले तेव्हा बृहदश्व ऋषींनी धर्मराजाला नळाची गोष्ट सांगितली. नळही द्यूतात सगळं हरलेला. रूप गेलेलं, बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाचा रथ हाकतोय. आपल्या विदर्भातल्या कुंडिनपुराला निघालेले असताना वाटेत ऋतुपर्णानं एक बेहड्याचं झाड पाहिलं आणि नुसत्या नजरेनं त्याची पानं आणि फळं किती ते सांगितलं. नळाचा विश्वास बसेना. त्यानं रथ थांबवून झाड तोडलं आणि मोजून बघितलं. ऑडिट म्हणतात ते हे. आकडा बरोबर निघाला. मग ऋतुपर्णानं त्याला फाशांची विद्या दिली. म्हणजे मोजणं आणि द्यूत यांचं नातं थॉर्पच्या कितीतरी आधी आपल्याकडे ठाऊक होतं.

पण मला आवडतं ते पुढचं. विद्या मिळाल्याबरोबर नळ बाहुकाच्या रूपात कुठल्या पटावर जाऊन बसला नाही. आधी दमयंतीला भेटला, आपलं मूळ रूप परत घेतलं, आणि मग पुष्कराच्या समोर नळ म्हणूनच बसला. एकच डाव खेळला. जिंकला. हरलेल्या पुष्कराला त्याचा वाटा देऊन, सांभाळून परत पाठवलं, आणि राज्य करायला लागला.

हे मी हेडकॅशिअरांना सांगितलं. त्यांनी नोटांची थप्पी यंत्रात घातली, आकडा आला, तरी सवयीप्रमाणे हातानं पुन्हा मोजली आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे रे. पण त्या झाडाचं काय चुकलं होतं?”